सहावी गुणगुण

काकूंच्या हाताखाली काम करायचं तर एकच अट होती. बाईला गुणगुणता आलं पाहिजे. सूर नसला तरी चालेल, ताल नसला तरी चालेल, आवाज फुटक्या मडक्यासारखा असला तरी काकूंची हरकत नव्हती, पण तोंड मिटून तो अखंड निघाला पाहिजे. नवी बाई कामाला आली की काकू तिला समोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हं, कर बघू."

"काय करू?" ती बिचारी विचारायची.

"माशी हो."

आता हे ऐकून कुणी म्हणेल, बाईंचं डोकं फिरलंय. तर तसं काही नाही, आधी ऐकून घ्या. भोपळ्याचं शेत होतं ते. वेल जमिनीवर पसरलेले नव्हते, तारेच्या उंच जाळ्यांवर चढवलेले होते. एकामागे एक अशा हिरव्या भिंतीच म्हणा ना. दोन भिंतींमधल्या बोळात एक बाई शिरली की पलीकडच्या बोळातल्या बाईला ती दिसायची नाही. आणि काकू तर मुकादम. कोण काम करतंय आणि कोण पानाआड बसून पेंगतंय हे त्यांना कळणार कसं? बोलायला सांगावं तर बायका बोलायला लागल्या की हात थांबतात, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. म्हणून गुणगुण. गुणगुणणाऱ्या बाईला चहाडी करता येत नाही, चरता येत नाही आणि झोपता तर मुळीच येत नाही. काकू आपल्या बोळात उभ्या राहून कान द्यायच्या आणि जागच्या जागी हजेरी व्हायची.

काम काय होतं, तर माशीचं. भोपळ्याला दोन तऱ्हेची फुलं येतात, नर आणि मादी. नर फूल नुसतं लांब देठावर मिरवत असतं. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, बोराएवढा. नराचे पिवळे परागकण मादीच्या तोंडाला लागले तर तो बोराचा भोपळा होतो, नाही लागले तर तो पिवळा पडून गळून जातो. हे लावायचं काम पूर्वी मधमाश्या करायच्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी आभारही मानले नव्हते. मग हळूहळू आसपासची जुनी पोकळ झाडं तोडली गेली आणि फुलं उघडी असताना भर सकाळी औषधाच्या फवारण्या व्हायला लागल्या. एका वर्षी फुलं तर खच्चून आली, पण भोपळे धरेनात. मालकांनी बियाणेवाल्याला धरलं, बियाणेवाल्यानं मातीला दोष दिला, मातीबद्दल कुणी काही बोललं तर मालकांना राग यायचा. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी एकदा सगळे शेतात गप्प उभे राहिले आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की शेतही गप्पच आहे.

तेव्हापासून माणसांनी माश्या व्हायचं ठरलं. त्याच सुमारास गावाबाहेरचा बाहुल्यांचा कारखाना बंद पडला होता आणि काकू घरी बसल्या होत्या. कारखान्यात त्या बाहुल्यांच्या भुवया रंगवायच्या. दोन केसांच्या जाडीची रेघ, एका श्वासात, डावी-उजवी सारखी. निघताना त्यांनी आपला ब्रश पदरात बांधून आणला होता. खारीच्या शेपटीसारखा मऊ. मालकांना अशाच हाताची बाई हवी होती. काकू पहिल्याच दिवशी एका मादी फुलापाशी वाकल्या, आतल्या तोंडाच्या तिन्ही पाळ्यांना पराग माखलेला ब्रश फिरवला आणि फुलाला म्हणाल्या, "झालं गं बाई तुझं."

तिन्ही पाळ्यांना, हे महत्त्वाचं. एखादी राहिली तर भोपळा एका बाजूनं फुगतो आणि दुसऱ्या बाजूनं रुसतो. टोळीतली सगळ्यांत लहान पोरगी, जिला सगळे काडी म्हणायचे, तिचे भोपळे हमखास वाकडे यायचे. "यातला हा तुझा," असं काकू लांबूनच सांगायच्या, आणि काडी म्हणायची, "काकू, चवीला तर सरळच लागतो ना?"

टोळीत काकूंसकट पाच जणी होत्या. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ या सख्ख्या जावा. घरात त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून शेतात त्यांना शेजारचे बोळ द्यायचे नाहीत असा काकूंचा दंडक होता. तरी एकीची गुणगुण चढली की लांबच्या बोळातून दुसरीची त्याहून चढायची. चौथी बडबडी. हिला गुणगुणायला लावणं म्हणजे धरणाला बूच मारणं, पण काकूंनी तेही साधलं होतं. पाचवी काडी. आणि मालक? मालक कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे. शेतातून घूं असा आवाज आला की काम चालू आहे, आवाज थांबला की बायका थांबल्या. त्यांना आत यायची गरजच पडायची नाही. मालकांचा स्वभाव वाईट नव्हता, आळशी होता.

असं बरीच वर्षं चाललं होतं. काकूंच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली होती, पण मनातून बाई खूश होत्या. बाजारात भोपळ्यांचा ढीग दिसला की त्या थांबायच्या आणि ओळखीच्या-अनोळखी कुणालाही सांगायच्या, "ही सगळी माझी पोरं."

आणि एका सकाळी आवाज जास्त आला.

काकू आपल्या बोळात होत्या. सवयीनं कान दिला. थोरली, धाकटी, बडबडी, काडी आणि आपण. झाल्या पाच. पण आणखी एक आवाज होता. बारीक, थोडा वेळ चालणारा, मध्येच थांबणारा, परत सुरू होणारा. काकूंच्या कपाळाला आठी पडली. थांबून थांबून गुणगुणतेय म्हणजे नक्की कामचुकार. पण कोण? मालकांनी न सांगता बाहेरची बाई घुसवली की काय? दुसऱ्या टोळीची मुकादमीण बरेच दिवस या शेतावर डोळा ठेवून होती, ते काकूंना ठाऊक होतं.

"कोण गं ती?" काकू ओरडल्या.

चार गुणगुणी थांबल्या. ती बारीक चालूच राहिली.

"मी नाही," चौघी चार बोळांतून म्हणाल्या, आणि थोरलीनं जोडून दिलं, "हिला विचारा, हिला सवय आहे." धाकटीनं तिथूनच काहीतरी उत्तर दिलं. ते इथे न लिहिलेलं बरं.

"गप्प बसा सगळ्या!" काकू आवाजाच्या मागे निघाल्या. आवाज दुसऱ्या बोळात होता. काकू वळसा घालून दुसऱ्या बोळात गेल्या, तर तो तिसऱ्यात. काकू धापा टाकत तिसऱ्यात गेल्या. आवाज पुन्हा दुसऱ्यात. आता मात्र काकू चक्रावल्या. तारेच्या जाळीतून आरपार जाणारी ही कोण महामाया? त्यांनी पानं बाजूला सारली, वाकल्या, आणि एका मोठ्या पिवळ्या फुलात डोकावल्या. फुलाच्या तळाशी, अंगभर पराग माखून, पाठमोरी बसली होती ती.

तेवढ्यात काडी मागून आली, आत पाहिलं, "ई, किडा!" म्हणून किंचाळली आणि पायातली चप्पल काढून हात उगारला. काकूंनी तिचं मनगट असं धरलं की पोरगी कळवळली.

"किडा नाही गं," काकू म्हणाल्या. "जिच्या जागेवर आपण काम करतोय ना, ती ही."

काडीनं जन्मात मधमाशी पाहिली नव्हती. बाकीच्या तिघी धावत आल्या. माशी फुलातून बाहेर आली, जरा डगमगली, पुढच्या फुलात शिरली आणि तिन्ही पाळ्यांवरून गोल लोळण घेऊन त्यापुढच्या फुलांकडे निघूनही गेली. पाचही जणी बघत राहिल्या. काकूंना एका फुलाला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात तिनं चार उरकली होती. "अगं बाई, नीट सुद्धा करते की," काकू पुटपुटल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. बडबडीला पहिल्यांदाच बोलायला शब्द सापडेना.

पण तो दिवस फवारणीचा होता. आठवड्याचा ठरलेला. फवारणीवाला पाठीला पंप लावून शेडपाशी येऊन उभासुद्धा राहिला होता. काकू तरातरा गेल्या.

"मालक, आज फवारणी नको."

"का?"

का ते सांगता येईना. माशी आली म्हणावं तर मालक आधी नाचतील आणि मग हिशेबाला बसतील. माशी फुकट राबते. काकूंच्या तोंडून निघून गेलं, "बायकांची डोकी दुखतात औषधाच्या वासानं. काडीला तर भोवळ आली."

काडी लांबून बघत होती. ती शहाणी पोर. तिथल्या तिथे मटकन खाली बसली.

पुढच्या आठवड्यात थोरल्या जावेला दमा झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात धाकटीला त्याहून मोठा दमा झाला, कारण थोरलीपेक्षा कमी आजारी पडणं तिला मान्य नव्हतं. मग काकूंनी फवारणीवाल्यालाच गाठलं, त्याच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली, वारा कसा उलटा आहे ते समजावलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. इकडे एकीच्या चार झाल्या, चाराच्या चाळीस. त्या येतात कुठून, हेही काडीनंच शोधून काढलं. बंद पडलेल्या बाहुल्यांच्या कारखान्याच्या भिंतीत, एका फुटक्या झरोक्याआड, त्यांनी पोळं धरलं होतं. "बघा," काकू म्हणाल्या, "आपल्याला जिथून काढलं, तिथे या भरती झाल्या."

हसल्या सगळ्या. पण एके दिवशी डबे उघडल्यावर थोरली जाऊ घास हातात धरून म्हणाली, "काकू, एक बोलू? आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय."

"तेच म्हणते मी," धाकटी म्हणाली. थोरलीशी तिचं एकमत झालं म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "मालकांना कळलं की आपल्याला नारळ. एकदा फवारू दे त्याला. आपण काही मारायला जायचं नाही. फक्त अडवायचं नाही."

काकूंचंही काळीज तेच म्हणत होतं. नवऱ्याचं शिवणकाम बसल्यापासून घर त्यांच्या ब्रशावर चालत होतं. या वयात दुसरीकडे कोण घेणार? आणि खरं सांगायचं तर पोटाच्याही पलीकडचं एक दुखणं होतं. उद्या बाजारात ढिगापुढे उभं राहून काय म्हणायचं? ही सगळी माझी पोरं नाहीत, असं?

संध्याकाळी नवरा मशीनशी बसून कुणाची तरी पँट आखूड करत होता. हल्ली तेवढंच काम यायचं. काकूंनी त्याला सगळं सांगितलं. शिंपीबुवांनी सुईत दोरा ओवला, मग म्हणाले, "तयार कपडे आले तेव्हा मीही लई शिव्या घातल्या. पण ते कपडे भिकार होते गं. बगलेत उसवायचे. तुझी माशी उसवते का?"

"छे हो! गोल गरगरीत भोपळा करते. काडीपेक्षा हजारपट बरा."

"मग अवघड आहे तुझं," ते म्हणाले आणि मशीन चालवू लागले. "वाईट कारागिराला शिव्या घालता येतात. चांगल्याला कशा घालणार?"

"तुम्ही मला धीर देताय की काय करताय?"

"मी पँट आखूड करतोय."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी नवा हुकूम काढला. गुणगुण दुप्पट. मालकांच्या कानांवर माश्यांचा आवाज जाता कामा नये, म्हणून पाचही जणींनी असा काही घोष लावला की शेडच्या पत्र्याला कंप सुटला. मालक खुर्चीत खूश. "बायका हल्ली जीव तोडून काम करतात," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरं तर बायकांना कामच उरलं नव्हतं. ब्रश घेऊन फुलाशी जावं तर आधीच कुणीतरी उरकून गेलेलं असायचं. त्या नुसत्या बोळाबोळांतून गुणगुणत फिरायच्या, आणि घसे बसले की काकूंनी आणलेल्या गरम पाण्याच्या गुळण्या करायच्या. फुकट खाण्यासाठी एवढे कष्ट कुणी केले नसतील.

पण खोट्याला पाय नसतात. एका सकाळी पाचही घसे एकदम गेले. आवाज फुटेना. काकूंनी हातानं खूण केली आणि सगळ्या शेवटच्या बोळात चहाचे पेले घेऊन मुकाट बसल्या. शेतात घूं असा भरगच्च आवाज चाललेला. त्यात मालक आत आले. वर्षानुवर्षांत आले नव्हते, नेमके त्या दिवशी आले, आणि ते का, तर बायकांना शाबासकी द्यायला.

"वा, वा!" ते लांबूनच म्हणत आले. "काय सूर लागलाय आज!" बोळाच्या तोंडाशी वळले आणि थबकले. समोर पाच बाया, पाच पेले, मिटलेली पाच तोंडं. आणि आवाज चालू.

मालकांनी पाची जणींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग वर पाहिलं. मग एका फुलात पाहिलं.

"हे..." ते म्हणाले. "हे कधीपासून?"

"काडीला भोवळ आली तेव्हापासून," काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. आता लपवायचं काय राहिलं होतं?

मालक आधी हसले. गडगडाटी हसले, डोळे पुसले, दमा झालेल्या दोन्ही जावांकडे बघून आणखी हसले. माणूस आळशी होता, पण कद्रू नव्हता. पण तेवढ्यात त्यांची नजर पानांवर गेली. पानांना भोकं पडली होती. इतके आठवडे फवारणी नव्हती, भुंगेऱ्यांनी मेजवानी झोडली होती. आणि फवारणीवाला, वारा सुलटा झाला म्हणून, नेमका त्याच वेळी पंप लावून बोळाच्या तोंडाशी हजर झाला.

"मार रे," मालक म्हणाले. सवय म्हणतात ती हीच. माशी पाहून झालेला आनंद अजून तोंडावर होता आणि तोंडातून हे.

काकू उठल्या. गुडघे कडकड वाजले. दोन्ही हात पसरून त्या बोळात आडव्या उभ्या राहिल्या. "आत्ता नाही. फुलं उघडी आहेत."

"काकू, पानं जातायत."

"जाऊ देत. दुपारी फुलं मिटतात, या घरी जातात. मग संध्याकाळी काय ते करा."

मालक हळू आवाजात, खरंच न समजून, म्हणाले, "पण काकू, तुम्ही का अडवताय? फवारलं तर उद्या तुमचंच काम टिकतं. न फवारलं तर तुम्हाला कशाला बोलावू मी?"

थोरल्या जावेनं मान खाली घातली. काडीनं काकूंचा पदर धरला. शेतात दुसरा कसलाही आवाज नव्हता, फक्त तो एकच.

"मालक," काकू म्हणाल्या, "कारखान्यात कुणी आजारी पडलं की बदलीवर माणूस घेतात. घेतात ना? तो मन लावून काम करतो. जागेवर जीवही बसतो त्याचा. पण कायमची बाई बरी होऊन दारात उभी राहिली की बदलीवालीनं उठायचं असतं. दार लावून घ्यायचं नसतं." त्यांनी नाक ओढलं. "मी बदलीवर होते. मला आवडलं हो काम. लई आवडलं. पण जागा हिची आहे."

मालक फवारणीवाल्याला म्हणाले, "संध्याकाळी ये."

आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंना शेतावर जायचं नव्हतं. मालकांनी निरोप चांगल्या शब्दांत दिला, पण निरोप तो निरोपच. काकू पहाटे उठायच्या, चप्पल पायात सरकवायच्या, मग आठवायचं. घरात बसून नवऱ्याला बटणं लावून द्यायच्या आणि लावताना नकळत गुणगुणायच्या. स्वयंपाकघरात डबे वाजायला लागले होते, रिकामे. धाकटी जाऊ रस्त्यात भेटली तेव्हा तोंड फिरवून गेली. काकूंना ते लागलं. त्या परतल्या आणि ब्रश काढून कपाटाच्या तळाशी टाकला. दोन दिवसांनी पुन्हा वर काढून ठेवला.

मग एका सकाळी मालक स्वतः दारात. धापा टाकत. आळशी माणसाला धाप लागलेली पाहून शिंपीबुवा मशीन सोडून उठले.

"काकू, चला! सगळ्यांना घेऊन चला! जाळ्या वाकल्यात!"

खरंच वाकल्या होत्या. पाच बायकांचे हात पोचायचे तिथेच पूर्वी भोपळा धरायचा. माश्यांना वरचं टोक काय, आणि पार मागची पडीक जाळी काय! कुठे म्हणून भोपळा नाही असं नव्हतं. गोल, जड, दोन्ही बाजूंनी सारखे. खांब कलले होते, तारा ताणल्या होत्या. एवढे भोपळे उतरवायला माशी थोडीच येणार? त्याला हातच लागतात. जावा-जावा आल्या, बडबडी आली, तिची नणंद आली. धाकटी जाऊ काकूंच्या नजरेला नजर देईना. काकूंनी तिच्या हातात एक हा एवढा भोपळा ठेवला आणि म्हणाल्या, "धर, रुसून बसण्यापेक्षा हा उचल." ती फिस्सकन हसली.

काडी शिडीवर चढली होती. वरच्या वेलांवर शेवटची फुलं अजून उघडी होती. तिनं हाक मारली, "काकू, हजेरी घ्या की! कितीजणी आहेत आज?"

काकू आपल्या जुन्या बोळात उभ्या राहिल्या. डोळे मिटले, कान दिला. बोट वर करून मोजायला लागल्या, एक, दोन, तीन... मग बोट तसंच हवेत राहिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मोजता येत नाहीत."